मशिनची आत्या

बंद करायच्या आधी आप्पा दोन्ही हात पँटला पुसत. मग उजव्या हाताच्या एकाच बोटाने चार अक्षरं दाबत, एस, वाय, एन, सी. एन्टर मारून थांबत. कान यंत्राच्या पेटीपाशी नेऊन आतल्या डिस्कची कुरकुर ऐकत. कुरकुर थांबली की पुन्हा तीच चार अक्षरं, पुन्हा कान. असं तीनदा. आणि मग आजारी पोरीला विचारावं तसं हळू विचारत, "लिवून झालं व्हय?"

यंत्र काही बोलायचं नाही. आप्पा मान हलवत आणि बटण बंद करत.

त्या चार अक्षरांचा अर्थ एवढाच, की बाई, तुझ्या मनात जे जे आहे ते डिस्कवर उतरवून ठेव. एकदा सांगितलं तरी पुरतं. पण युनिक्स या संगणकप्रणालीवर काम केलेली जुनी माणसं तीनदा सांगतात, तशी त्यांची रीतच आहे. आम्हाला शिकवायला पुण्याहून आलेल्या सरांनी तीनदा सांगा म्हटलं, का ते सांगितलं नाही. पुढे मी पुस्तकात वाचलं आणि मोठ्या तोऱ्यात आप्पांना सांगितलं, "आप्पा, एकदाच पुरे असतं."

"आक्का," आप्पा म्हणाले, "दाराला कडी घातल्यावर तू परत एकदा वडून बघत न्हाईस व्हय?"

मी बघते. तुम्हीही बघत असाल.

त्यांचं नाव मी सांगत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आमचा बिडाच्या ओतकामाचा कारखाना आहे, तिथे त्यांना मालकांपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळे आप्पाच म्हणत. आप्पा पॅटर्न शॉपमधले सुतार होते. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडाचा नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात वितळलेलं बीड ओतायचं. लाकडी नमुना म्हणजेच पॅटर्न. पॅटर्नमध्ये केसभर चूक झाली की ती पुढे शंभर नगांत उतरते. म्हणून पॅटर्न करणारा माणूस कारखान्यात सगळ्यांत हळू चालणारा आणि सगळ्यांत कमी बोलणारा असतो. आप्पा खासबागेतून सायकलवर येत, तेही असे सावकाश की चालणारी माणसं त्यांना मागे टाकत.

मी निपाणीची. आई विड्या वळायची, मी डिप्लोमा करून ड्रॉइंग ऑफिसला लागले. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांपासून लांब, लाकडाच्या ढिगापाशी डबा उघडून बसले. सवयीने बसले म्हणा, शाळेतही आमच्या वस्तीतल्या पोरी अशाच लांब बसायच्या. आप्पांनी स्टूल ओढलं आणि हाक मारली, "हिकडं ये गं आक्का. तिकडं भुसा लई उडतोय, भाकरीत जाईल." मी का लांब बसले ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याच शेजारी जेवले.

मग मोठ्या मालकांनी ते यंत्र आणलं. कुठल्याशा प्रदर्शनात पाहिलं आणि भारावून गेले. एवढे पैसे डब्यात घातले म्हणून त्यांच्या भावांनी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. डबा खरंच लहान होता, पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा. त्यावर मात्र दोघांनी उचलावा असा अवजड पडदा आणि तीन बटणांचा माऊस.

आज कॉलेजची मुलं ते बघून हसतात. तेव्हा तो काय ऐवज होता ते त्यांना कसं सांगावं? त्या काळी एक तर थंड खोलीत ठेवलेले मोठे संगणक होते, त्यांच्यापुढे माणसांनी रांग लावायची. दुसरे टेबलावरचे छोटे, पत्रं टाइप करायच्या लायकीचे. वर्कस्टेशन ही तिसरी जात. मोठ्या यंत्राचं डोकं, पण बसायला एकाच माणसाच्या टेबलावर. इंटरनेटवर आज आपण जी पानं उघडतो, त्यांतलं जगातलं पहिलं पान अशाच जातीच्या एका यंत्रावर ठेवलेलं होतं. सिनेमाच्या पडद्यावर डायनासोर पळाले तेही या जातीच्या जोरावर. आत प्रोसेसर एकच. तेवढ्यावर पाच-सहा कामं सुखाने चालत आणि आठवडेच्या आठवडे यंत्र बंद करावं लागत नसे. पुढे साधे संगणक स्वस्तात तेवढेच पळू लागले आणि दहा-बारा वर्षांत ही जात संपली.

पण हे मी पुढे वाचलेलं. आप्पांना ते पहिल्याच दिवशी समजलं होतं.

पुण्याच्या सरांनी इंजिनियरांना गोळा करून विचारलं, "प्रोसेसर एकच आहे, मग एका वेळी एवढी कामं कशी होतात?" इंजिनियर वह्या चाळू लागले. आप्पा दारात उभे होते, पडदा ठेवायला टेबल करून आणलं होतं त्यांनी. ते म्हणाले, "एक बाई घर चालिवती तसं, साहेब. भाकरी थापती, मधीच दूध बघती, मधीच पोरावर वरडती. हात दोनच, पन काय करपत न्हाय."

सर इतके खूश झाले की त्यांनी मालकांना सांगितलं, मशिनवर हे बसतील. आणि इंग्रजी वाचायला म्हणून ही मुलगी. इंजिनियरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

अशी आमची जोडी जमली. आप्पा मापं सांगत, मी टाइप करत असे. आणि पहिल्याच मोठ्या कामात आम्ही माती खाल्ली.

बीड थंड होताना आटतं, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न करणारे साधी पट्टी वापरतच नाहीत. त्यांची पट्टी मुळातच तेवढी वाढीव असते, म्हणजे त्या पट्टीचा एक फूट खऱ्या फुटाहून सूतभर मोठा. आप्पांनी आयुष्यभर तीच हातात धरलेली. त्यांनी गिऱ्हाइकाच्या नकाशावरची मापं सांगितली, मी ती इमानेइतबारे यंत्रात भरली, आणि यंत्रातल्या प्रोग्रॅमने आपल्या हुशारीने ओतकामाची वाढ त्यांत घातली. त्या वाढीव आकड्यांवरून आप्पांनी नवा पॅटर्न केला तो आपल्या वाढीव पट्टीनेच, म्हणजे एकच वाढ दोनदा पडली. चाळीस नग ओतून झाल्यावर कळलं की झाकण बसायच्या जागी झाकण खुळखुळतंय.

मोठे मालक लालबुंद होऊन आले. "कुणी केलं हे?"

मला लागून पाच महिने झाले होते. नोकरी गेली तर घरी विड्यांचं सूप वाट बघत होतं. वाढीचा पर्याय बंद करायचा असतो हे सरांनी मला शिकवलं होतं, आप्पांना नव्हे.

"पट्टी माजी व्हती," आप्पा म्हणाले. "तवा चूक बी माजीच."

त्यांनी पंधरा दिवस मालकांची बोलणी खाल्ली. मला एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. फक्त ती वाढीव पट्टी यंत्राच्या खोलीतून काढून लांब खिळ्याला टांगली आणि टेबलाच्या फळीवर सुतारी पेन्सिलीने लिहिलं, "हितं साधी पट्टी." मी म्हटलं, कागदावर लिहून चिकटवते. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, "कागद उडतोय. लाकूड बसून ऱ्हातंय."

लाकडावर लिहायची ही त्यांची खोड जुनीच. प्रत्येक पॅटर्नच्या पोटात गिऱ्हाइकाचं नाव, महिना, कुठे किती सोडलं, सगळं त्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं. मी डायऱ्या वापरत असे. दर वर्षी नवी, छान पुठ्ठ्याची. त्यांतली एकही आज सापडत नाही.

सर परत जाताना एक गोष्ट बजावून गेले होते. या यंत्राच्या आत एक चिप आहे, तिच्यात नखाएवढा सेल. त्या चिपमध्ये यंत्राचा ओळख क्रमांक असतो आणि आपला ड्रॉइंगचा प्रोग्रॅम तो क्रमांक बघूनच उघडतो. दहा-बारा वर्षांनी सेल संपेल आणि यंत्र आपलीच ओळख विसरेल. क्रमांक टिपून ठेवा. मी तो ताबडतोब टिपला. डायरीत.

अकरा वर्षं आम्ही त्या यंत्रावर काम केलं. खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या मशिनी बंद करून पुजतात. एका वर्षी वायरमनने पूजेची वेळ झाली म्हणून सरळ मेन स्विचला हात घातला, आणि ज्या आप्पांना कुणी कधी धावताना पाहिलं नव्हतं ते हातातली हळदीकुंकवाची वाटी तशीच घेऊन धावले, "करंट तगीब्याड्री! काढू नगो रं!" असे कन्नड-मराठी एकत्र ओरडत. तीनदा लिहून झालं, मग पूजा. कुंकवाचं एकच बोट लावलं, तेही हवेच्या फटी सोडून. नारळ त्यांनी खोलीच्या बाहेर फोडायला लावला.

पुढे साधे संगणक आले, मीही त्यांच्यावर गेले. धाकट्या मालकांनी कारभार घेतला आणि एक दिवस म्हणाले, तो डबा भंगारात द्या. आप्पा ऑफिसात गेले. ते आपणहून ऑफिसात गेलेले मी तेव्हाच पाहिले. म्हणाले, "मालक, अकरा वर्सांचं काम हाय तिच्या पोटात. त्या फायली दुसऱ्या कुटल्या मिशीनला उगडत न्हाईत."

"सगळं एकदम काढून नव्या संगणकावर घेता येत नाही का?"

"ज्येचं काम यील त्येचं काडतो. तवर ऱ्हाऊ द्या."

"बरं," धाकटे मालक म्हणाले, "तुम्ही चालू ठेवता तोवर राहू दे. ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी जाईल."

शब्द म्हणजे शब्द. आप्पांनी यंत्र पॅटर्न शॉपच्या कोपऱ्यात नेलं आणि त्याच्यासाठी सागवानाची पेटी केली. वर जाळी, पुढे बिजागरीचं दार. वय झालं, निवृत्त झाले, तरी दर शनिवारी खासबागेतून सायकलवर येत. नंतर सायकल सुटली तेव्हा बसने. "बसून ऱ्हायलं की मानूस आन् मिशीन दोनी जाम हुत्यात," म्हणत.

त्या शनिवारांची एक गंमत होती. यंत्र चालू केलं की आप्पा पेटीचं दार उघडत, चष्मा कपाळावर चढवून डोकं आत घालत आणि डावा हात बाहेर कीबोर्डवर ठेवून बराच वेळ काहीतरी टिकटिक करत. तोंडाने पुटपुटणंही चाले. आम्ही विचारलं, "आप्पा, कानात काय सांगताय तिच्या?"

"तिचं नाव सांगतोय तिला," ते आतूनच म्हणत.

झालं. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हापासून आप्पा मशिनची आत्या झाले. शनिवारी त्यांचं डोकं पेटीत गेलं की मोल्डिंगची पोरं पाठीवर थाप मारल्यासारखं करून "कुर्रर्र!" असं ओरडत. मीही ओरडलेय. आप्पा डोकं बाहेर काढून म्हणत, "घुगऱ्या मागू नगासा, आत्याकडं पैसं न्हाईत," आणि पुन्हा आत.

थंडीत आप्पा गेले. चार दिवस ताप आला आणि गेले, कुणाला धावपळही करू दिली नाही. त्याआधीच्या शनिवारी ते आले होते, हात कापत होता, तीनदा लिहायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी बसपर्यंत सोडायला गेले नाही, माझ्याकडे कसलीतरी मीटिंग होती. याची मला फार लाज वाटते.

त्यानंतर तीन महिने ती पेटी कुणी उघडली नाही. धाकट्या मालकांनीही भंगाराचा विषय काढला नाही, सुतकात काढू नये तसा.

उन्हाळ्यात जांबोटीकडच्या एका गावचे दोघे जण पोत्यात फुटलेलं बीड घेऊन आले. गावच्या पाणी योजनेच्या पंपाचं कवच, आमच्याकडेच ओतलेलं. पंप करणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पावसाळ्यात त्या भागात रानभर पाणी असतं आणि एप्रिलमध्ये घोटभर नसतं. त्यांतला म्हातारा म्हणाला, "बाया दोन मैल उतरून वड्यावर जात्यात, आक्का. झरा बी आटलाय. कवा दिशीला?"

लाकडी पॅटर्न काढला तर वाळवीने पोखरलेला, हातात भुसा आला. तुकडे जुळवून मापं घ्यावीत तर आतल्या पाण्याच्या वाटेचं वळण सापडेना. ड्रॉइंग एकाच ठिकाणी होतं.

धाकटे मालक म्हणाले, "बाई, चालू करून बघा. निघालं तर उत्तमच. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोयच, त्याला डबाही देऊन टाकू. उगाच जागा अडते."

मी पेटी उघडली. बटण दाबलं. डिस्क फिरली, मला हायसं वाटलं. आणि पडद्यावर एक ओळ आली, ओळख क्रमांक सापडत नाही. तिच्याखाली 'ओके' असं लिहिलेलं, आणि पुढे काही नाही. सेल संपला होता. यंत्र स्वतःला विसरून बसलं होतं.

मी कपाटं उपसली. जुन्या डायऱ्या घरात शोधल्या, निपाणीला भावाला फोन करून माळा उतरवायला लावला. पुण्याच्या सरांचा ठावठिकाणा नव्हता. त्यांची कंपनीही उरली नव्हती. शनिवारी दुपारी शेवटी आप्पांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. म्हटलं, "काकू, आप्पांनी कुठल्या कागदावर एखादा नंबर लिहून ठेवलाय का हो?"

"कागदावर?" काकू म्हणाल्या. "ते कवा कागदावर लिवत हुते गं बाई? आमच्या लग्नाची तारीक सुदिक दाराच्या चौकटीवर लिवलीया. लाकडावर बघ की."

मी फोन ठेवला आणि पेटीपाशी गेले. चष्मा कपाळावर चढवला. डोकं आत घातलं.

आतल्या डाव्या फळीवर, जाड पेन्सिलीने, पॅटर्नवर लिहीत तशाच अक्षरांत सगळं होतं. वर क्रमांक. त्याच्याखाली तो यंत्राला कसा सांगायचा ते, एकेक अक्षर सुटं. त्याच्याखाली 'मग तारीख सांगणे, ती बी इसरते.' आणि शेवटी, 'बंद करताना तीनदा. घाई करू नये.'

पण मी ते वाचायची थांबले ती त्याच्याखालच्या रेघांमुळे. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. फळी भरली होती, मागची फळी भरली होती, उजवीकडची अर्धी. मला आधी अर्थच लागेना. मग लागला. सेल आत्ता संपला नव्हता. तो कितीतरी वर्षांपूर्वी संपला होता. दर शनिवारी यंत्र सगळं विसरून जागं व्हायचं आणि दर शनिवारी आप्पा डोकं आत घालून, फळीवर वाचून, एका बोटाने तिला तिचं नाव सांगायचे. आणि एक रेघ ओढायचे. कुणाला सांगितलं असतं तर यंत्र बंद पडलं असं ठरलं असतं आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे ते भंगारात गेलं असतं. म्हणून सांगितलं नाही. खरं म्हणजे सांगितलंच होतं. "तिचं नाव सांगतोय तिला," म्हणाले होते. आम्ही कुर्रर्र करत बसलो.

शेवटची रेघ वाकडी होती.

मी डोकं पेटीत ठेवूनच रडले. बाहेरून कुणाला वाटलं असेल, बाई काहीतरी शोधतेय.

मग डोळे पुसून एकेक अक्षर वाचलं आणि बाहेरच्या हाताने दाबलं. चुकलं, पुन्हा दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि यंत्र आपल्या नावानिशी उभं राहिलं. प्रोग्रॅम उघडला. पंपाचं कवच फाइलमध्ये जसंच्या तसं होतं, पाण्याच्या वाटेच्या वळणासकट, आणि फाइलच्या माथ्यावर आप्पांनी माझ्याकडून लिहून घेतलेलं, 'साधी पट्टी.' म्हणजे वाढ अजून घातलेली नाही, आता एकदाच घालायची. हे नसतं तर नव्या पोरांनी काय केलं असतं कोण जाणे.

नव्या संगणकाला उघडेल अशा रूपात ड्रॉइंग त्या प्रोग्रॅममधून काढलं आणि केबल लावून तिकडे घेतलं. धाकटे मालक मागे येऊन उभे राहिले होते. मी त्यांना फळ्या दाखवल्या. त्यांनी वाकून सगळ्या रेघा पाहिल्या. मग खिशातून फोन काढून त्यांनी भंगारवाल्याला सांगितलं, सोमवारी बाकीचं ने, कोपऱ्यातल्या पेटीला हात लावू नको. कवच ओतून गेलं, गावात पाणी चढलं, त्या म्हाताऱ्याने फणस पाठवला.

त्या शनिवारी सगळे गेल्यावर मी यंत्र बंद करायला बसले. हात साडीला पुसले. चार अक्षरं दाबली, कान पेटीपाशी नेला, कुरकुर थांबेपर्यंत थांबले. पुन्हा. पुन्हा. आप्पांची पेन्सिल पेटीच्या कोपऱ्यातच होती, तिने वाकड्या रेघेशेजारी एक सरळ रेघ ओढली. आता शनिवारी मी येते.

आप्पा प्रत्येक वेळी यंत्राला विचारायचे आणि त्यांना कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं. बटण बंद करताना माझ्याच तोंडून आलं, "झालं आप्पा, लिवून झालं."